तीन रकान्यांचा तक्ता

मागच्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं नातवंडं मला 'गल्लीची डॉक्टर' म्हणालात आणि तुमच्याबरोबर मीही हसले. आता तसं म्हणू नका. का, ते फोनवर सांगायला गेले की माझा आवाज अडकतो आणि तुम्हाला वाटतं नेटवर्क गेलं. म्हणून लिहिते आहे. तुमच्या आईला यातलं थोडं माहीत आहे, सगळं नाही.

आपल्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी तुम्हाला आठवत असतील. तुम्ही सुट्टीत आलात की त्या डबाभर भडंग करून आणायच्या आणि "तिकडं ह्ये गावतंय व्हय?" म्हणत तुमच्या ओंजळी भरायच्या. अकरा वर्षं त्या आपल्याकडे होत्या. राहायला जुन्या कसबा बावड्यात, आपल्या कॉलनीपासून पायी दहा मिनिटांवर. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. त्यांना साखरेचा आजार होता, जुना आणि दुर्लक्षिलेला, आणि त्या साखरेनं शेवटी पायांच्या नसा धरल्या.

नसांचं दुखणं बाहेरून दिसत नाही. सूज नसते, जखम नसते. ते म्हणायचे, "बाई, तळपाय इस्तवात घातल्यागत हुत्यात." पायांवर चादरसुद्धा सहन होत नसे. दिवसातून तीनदा घरामागच्या परड्यात बसून ते पाय थंड पाण्याच्या बादलीत सोडत. मावशी सुरुवातीला चेष्टा करायच्या: "आमची म्हस बसली बगा पाण्यात." पुढे चेष्टाही थांबली, कारण ते रडायला लागले. साठीचा धिप्पाड माणूस बादलीत पाय घालून रडतो, हे बघायला शेजारची पोरं कुंपणापाशी यायची.

मग डॉक्टर करून झाले. एक नाही, तीन. साखरेसाठी जुने गल्लीतले डॉक्टर होतेच. त्यांनी 'नसांच्या ताकदीची' गोळी दिली. कुणीतरी सांगितलं म्हणून शहरातल्या नसांच्या तज्ज्ञांकडे नेलं; त्यांनी दोन औषधं मिळून एक अशी रात्रीची गोळी दिली, अगदी थोड्या मात्रेची. आणि कंबरही दुखते म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी तिसरी, कडक वेदनाशामक दिली. प्रत्येकानं आपापला कागद दिला. एका डॉक्टरांचा कागद दुसऱ्यानं पाहिला नाही, कारण मावशींना वाटायचं, एकाकडे गेल्याचं दुसऱ्याला कळलं तर त्याला राग येईल. आपल्याकडे बहुतेकांना असंच वाटतं.

ते तिन्ही कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मावशी माझ्याकडे आल्या.

"बाई, ह्यातलं कवा काय द्याचं त्ये जरा नीट लिवून द्या की. मला ढिम्म कळंना. आन् तुमचं अक्षर म्हंजे छापल्यागत."

या कामाची मला सवय होती. तुमच्या आजोबांच्या शेवटच्या आजारात मी असाच तक्ता केला होता. डावीकडे औषधाचं नाव इंग्रजीत, ठळक अक्षरांत. पुढे तीन रकाने, सकाळ, दुपार, रात्र. ज्या वेळी गोळी द्यायची त्या रकान्यात खूण. सहा वर्षांत एक गोळी चुकली नाही. आजोबांचे डॉक्टरसुद्धा तो तक्ता इतरांना दाखवायचे. मग शेजारपाजारच्या बायका माझ्याकडे येऊ लागल्या, मी त्यांनाही तसे तक्ते करून दिले, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाईला कुणी काही विचारायला येणं आवडतं. आजोबांचा तक्ता बिनचूक होता, कारण त्यांची सगळी औषधं एकाच डॉक्टरांनी लिहिलेली होती. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मी जेवणाच्या टेबलावर बसून पट्टी आणि दोन रंगांची पेनं घेतली. ताकदीची गोळी: सकाळी आणि रात्री. तज्ज्ञांची गोळी: रात्री. हाडांच्या डॉक्टरांच्या गोळीपुढे 'एसओएस' लिहिलं होतं, म्हणजे फारच दुखलं तर घ्यायची, एरवी नाही. माझ्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

मी मावशींना विचारलं, "रोज दुखतं का त्यांना?"

"रोज म्हंजे? चोवीस तास की!"

मी सकाळी आणि रात्री खूण केली.

तज्ज्ञांच्या कागदावर खाली आणखी बरंच होतं. आठ दिवसांनी परत दाखवा, किडनीची रक्ततपासणी करून या, आणि त्याखाली बारीक छापलेल्या सूचना. त्यातलं काहीच तक्त्यात बसत नव्हतं. तक्ता एका पानात मावायला हवा, हा माझा नियम. मी मूळ कागद घडी करून पिशवीत परत ठेवले. तक्ता कोपऱ्यावरच्या दुकानातून लॅमिनेट करून आणला आणि मावशींनी तो दाराशेजारी खिळ्याला टांगला. त्यानंतर ती पिशवी कुणी उघडली नाही.

पहिल्या आठवड्यात चमत्कार झाला. मालक रात्रभर झोपले. बादली परड्यात पालथी पडली. मावशी माझ्याकडे आल्या त्या हसतच.

"बाई, घोरत्यात! मला झोप लागंना त्या घोरण्यानं, पर घोरू द्यात."

दहाव्या दिवशी त्यांच्याकडे म्हाई होती, म्हणजे वर्षाचं मटणाचं जेवण, सगळ्या पाहुण्यांना बोलावून. कुरुंदवाडहून त्यांचे धाकटे दीर आले होते. त्यांनी भावाला चादर ओढून शांत झोपलेलं पाहिलं. हे मला नंतर कळलं.

महिन्याच्या आत मावशींचं हसू गेलं. मालक दिवसाही झोपायचे. तोंडात घास ठेवून डुलक्या घ्यायचे. मावशींनी मला सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "इतक्या महिन्यांची झोप राहिलीय, भरून निघतेय." हे वाक्य माझं आहे. मी ते भांड्यांच्या ओट्याशी उभी राहून, चहा पिताना, अगदी सहज म्हटलं होतं.

त्यानंतर चार दिवसांनी, सकाळी, ते पाण्याच्या टाकीपाशी पडले. खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात मी मावशींबरोबर होते. डॉक्टर तरुण मुलगी होती, माझ्या शेवटच्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिनं विचारलं, काय काय औषधं चालू आहेत? मावशींनी खिळ्यावरून काढून आणलेला लॅमिनेट केलेला तक्ता दोन्ही हातांनी पुढे केला. तिनं तो वाचला, मग पुन्हा वाचला.

"हा कागद कुठल्या डॉक्टरांचा?"

"माझा," मी म्हणाले.

ती रागावली नाही. म्हणाली, "गोळ्यांची पाकिटं आहेत का?" होती. तिनं ताकदीच्या गोळीचं पाकीट उलटं करून माझ्या हातात दिलं. "मॅडम, मागचं वाचा." मागे चंदेरी कागदावर मुंगीएवढी अक्षरं होती. मी चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ धरलं. जीवनसत्त्वाच्या नावाशेजारी लिहिलं होतं: प्रेगाबालिन. मग तिनं तज्ज्ञांच्या गोळीचं पाकीट उलटं केलं. त्यावरही प्रेगाबालिन, आणि जोडीला दुसरं औषध. पुढची नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, रंग वेगळे. आत तेच.

मी तीस वर्षं मुलांना सांगत आले की पुस्तकाचं नुसतं मुखपृष्ठ वाचू नका.

तिनं मला बाकावर बसवलं आणि समजावलं. नसांच्या दुखण्यावर दोन औषधं मिळून देतात, त्यात चूक काही नाही. दोन्ही थोडी थोडी दिली की एकट्याच्या मोठ्या मात्रेपेक्षा कधीकधी गुण चांगला येतो. पण ते मोजमाप एका माणसाच्या हातात हवं. तो थोड्यावर सुरू करतो, वाट बघतो, किडनी किती काम करतेय ते पाहून वाढवतो किंवा कमी करतो. इथे एकच औषध दोन नावांनी दुपटीहून जास्त जात होतं. जुन्या साखरेनं किडनी मंद झालेली, त्यामुळे ते अंगातून बाहेर पडत नव्हतं, साचत होतं. आणि त्यावर सकाळ-संध्याकाळ ती कडक वेदनाशामक, जिची गुंगी या गुंगीत मिसळली की श्वाससुद्धा मंदावतो. "ते पडले म्हणून निदान कळलं," ती म्हणाली. "नाहीतर झोपेतच..." आणि तिनं वाक्य सोडून दिलं.

मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना यातलं अर्धंच कळलं असावं, पण नको ते अर्धं बरोबर कळलं. त्या एकदम म्हणाल्या, "आगं बाई! त्यो कागूद भाऊजींनी न्हेलाय की!"

म्हाईच्या दिवशी दिरांनी तक्त्याची झेरॉक्स काढून नेली होती. त्यांच्याही कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत दोन वर्षं वीज चमकत होती. कागदावर इंग्रजी नावं, रेषा आखलेल्या, कुठे खाडाखोड नाही. एका औषध दुकानदारानं तो मोठ्या दवाखान्याचा समजून सगळ्या गोळ्या काढून दिल्या होत्या. तीन आठवडे होऊन गेले होते.

डॉक्टर मुलीला मी विचारलं, फोन करून बंद करायला सांगू का? ती म्हणाली, "फोनवर बंद-चालू काही सांगू नका. इतके दिवस घेतलेलं एकदम तोडलं तर त्याचाही त्रास होतो. माणूस आणि पाकिटं दोन्ही आजच इकडे आणा. आणि त्यांना गाडी चालवू देऊ नका." मावशींनी फोन लावला. पलीकडून खणखणीत आवाज आला, "वैनी, मी झकास हाय! दादाचं काय?" आणि मागे मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज; मावशी पुढचं सांगेपर्यंत फोन बंद झाला. ते सकाळ-संध्याकाळ दुधाच्या कॅन लावून डेअरीला जात.

मावशींच्या लेकीला दवाखान्यात बसवून आम्ही दोघी भाड्याच्या गाडीनं कुरुंदवाडला निघालो. दीड तास मावशी एकच गोष्ट विचारत होत्या: "भाऊजींस्नी काय हुणार न्हाय न्हवं, बाई?" मी मनात ती मोटारसायकल बघत होते.

ते दारातच सापडले. कॅन बांधत होते. मी गाडीतून उतरताच त्यांनी हात जोडले.

"या पावणं! या! तुमीच न्हवं त्या कागदाच्या बाई?" आणि ते वाकून माझ्या पाया पडले. उठताना त्यांचा तोल गेला, कॅनला धरून सावरले आणि स्वतःच हसले. "दोन वर्सं झोपलो नव्हतो, बाई. बायकूला इचारा. तुमच्या कागदानं माणसात आलो."

त्यांची बायको गोठ्यातून बाहेर आली, हाताला म्हशीचं आंबोण, भिजवलेली पेंड, लागलेलं. "माणसात कसलं," ती म्हणाली. "परवा गाडी वड्याच्या वगळीत घातली. तीस लिटर दूध म्हशीचं, बेडकांनी प्यालं. इचारलं कसं झालं, तर म्हणत्यात रस्ताच वळला."

"वळलाच हुता रस्ता!"

"व्हय, तुमाला बगून वळला."

एरवी मी हसले असते. मी त्यांना सांगितलं की हे औषध त्यांच्यासाठी लिहिलेलं नाही, आमच्याबरोबर चला, डॉक्टरांना दाखवू. ते ऐकेनात. दुखणं तेच, नस तीच, भाऊ सख्खा, मग औषध वेगळं कशाला? आणि डॉक्टर गोळ्या काढून घेणार, मग रात्री काय करायचं? "तुमाला दुखत न्हाय बाई, म्हणून तुमी बोलताय." हे त्यांनी उद्धटपणे नाही म्हटलं. खरं तेच म्हटलं.

मग मला बोलावं लागलं. मावशी माझ्या मागे उभ्या होत्या. दवाखान्यात डॉक्टरांनी गोळ्या जास्त झाल्या म्हटलं होतं, पण चूक कुणाची हे मावशींना कुणी म्हणून दाखवलं नव्हतं. त्या अजून माझ्याच पदराला धरून चालत होत्या.

मी म्हणाले, "तो कागद चुकीचा आहे. डॉक्टरांनी बरोबर लिहिलं होतं, मी उतरवून घेताना चूक केली. तुमचे दादा त्या कागदामुळे पडलेत. माझ्यामुळे."

दीर आत गेले, झेरॉक्स घेऊन आले आणि उजेडात धरून वरून खाली बघू लागले.

"ह्याव सही न्हाय व्हय कुणाची?"

"नाही."

"शिक्का बी न्हाय." त्यांनी कागद पालथा केला. मग अगदी हळू म्हणाले, "मग झोप? झोप कोण देणार मला?"

"डॉक्टर देतील. कदाचित यातलीच एखादी गोळी देतील. पण तुमचं रक्त तपासून, थोडी, तुम्हाला सोसेल एवढीच."

"आन् न्हाय दिली तर?"

ते मोटारसायकलकडे वळले. दूध नासेल, डेअरी बंद होईल, आधी तेवढं टाकून येतो म्हणाले. तेव्हा त्यांच्या बायकोनं किल्ली ओढून काढली आणि म्हशीपुढच्या आंबोणाच्या घमेल्यात टाकली. म्हशीनं तोंड घातलं.

"काढा आता," ती म्हणाली. "न्हायतर गाडीत बसा."

ते बसले. पाकिटं त्यांच्या बायकोनं साडीच्या ओच्यात बांधून आणली, रिकामी झालेलीसुद्धा. परतीच्या वाटेवर मावशी पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या. दीड तास त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, आणि मला काही विचारलं नाही.

दीर वाचले. डॉक्टरांनी चार दिवस ठेवून घेतलं, एक औषध थांबवलं, एक हळूहळू उतरवत आणलं, आणि एक छोटी मात्रा ठेवली. त्यांची वीज अजून चमकते, पूर्वीएवढी नाही. झोप लागते, पण सगळ्या रात्री नाही. दर महिन्याला ते पाकिटांची पिशवी घेऊन एकाच डॉक्टरांकडे जातात आणि ती टेबलावर ओततात. मोटारसायकल आता त्यांची बायको चालवते.

मालक वाचले नाहीत. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, पण पडून राहिल्यानं छातीत कफ साठला. शुद्ध कधी यायची, कधी जायची. आली तरी ते कारखान्याच्या वजनकाट्यावर उभे असल्यासारखं काहीबाही बोलायचे, समोरच्या माणसाशी नाही. सव्वा महिन्यानं गेले. पाय दुखतात असं शेवटी एकदाही म्हणाले नाहीत, कारण काहीच म्हणाले नाहीत.

तेरावा झाल्यावर एका दुपारी मावशी आल्या. मी चहा ठेवते म्हणाले, त्यांनी हातानंच नको म्हटलं. त्या बाहेरच्या सोप्यात खाली बसल्या.

"पडायच्या आदल्या दिशी आमचं भांडाण झालं, बाई. त्यांची जीब जड झालती. भितीला धरून चालत हुते. म्या म्हटलं, परत पिऊन आलायसा न्हवं? लेकीच्या लग्नापास्नं सोडल्याली त्यांनी, सा वर्सं झाली. त्ये म्हणत हुते, न्हाय गं, थेंब न्हाय घेतला. देवाची आण घेतली. म्या म्हटलं, देवाला मधी वढू नगा. ताट बी वाढलं न्हाय रातीला. सकाळी उटले ते पडलेच. त्येच्या म्होरं माझ्याशी म्हणून एक शबुद बोलले न्हाईत."



"खरं बोलत हुता त्यो माणूस," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कुरुंदवाडनंतर पहिल्यांदाच. "गोळ्यांनी तसं हुतंय, जीब जड हुती, तोल जातूय, ह्ये कुटं लिवल्यालं हुतं का, बाई?"

नाही म्हणता आलं असतं. त्यांना वाचता येत नव्हतं.

"होतं," मी म्हणाले. "मोठ्या डॉक्टरांच्या कागदावर, खाली. असं झालं तर लगेच कळवा, असं लिहिलं होतं. मी वाचलं होतं. माझ्या कागदावर घेतलं नाही."

त्यांनी मान हलवली, दोन-तीनदा, जणू बाजारात भाव ऐकून घेतला. पदर खोचून उठल्या, सवयीनं स्वयंपाकघराकडे दोन पावलं गेल्या, तिथं थांबल्या. मग वळून बाहेर आल्या, चपला घातल्या आणि फाटक लावून गेल्या. त्यानंतर त्या आल्या नाहीत.